निर्दोष ठरले, पण जावे कोठे?

हातून मनुष्यवध घडला, परंतु मनोविकारामुळे त्या क्षणी आपण काय करीत आहोत याचे भानच आरोपीला नव्हते, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास भारतीय न्याय संहितेचे 22 वे कलम त्याला गुन्हेगार मानीत नाही. जुन्या दंडसंहितेच्या 84 व्या कलमातही हेच तत्त्व होते, आणि ते न्याय्य आहे. परंतु असा मनुष्य उद्या आपल्याच आळीत राहावयास आला तर काय, हा लोकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊन भागणार नाही. ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांना तर ‘निर्दोष’ हा शब्दही सोसवत नाही.

तथापि निर्दोष म्हणजे तत्काळ मोकळा नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या 374 व्या कलमान्वये त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवावे लागते, किंवा हमी देणाऱ्या आप्ताच्या अथवा स्नेह्याच्या स्वाधीन करावे लागते. स्वतःला वा इतरांना धोका नाही असा दाखला मिळाल्यावर राज्य सरकार सुटकेचा हुकूम देऊ शकते. त्यापूर्वी एक न्यायिक व दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचे चौकशीमंडळही नेमू शकते.

खरी उणीव पुढेच आहे. सुटकेनंतरचा सारा भार कायद्याने एका आप्ताच्या हमीपत्रावर टाकला आहे. ज्याला आप्तांनीच टाकले, त्याने काय करावे? विस्मरणाचा परिणाम किती भयंकर होतो, हे आसामात दिसले. तेथे 1951 साली पकडलेल्या एका कच्च्या कैद्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयाने 1967 साली बरा ठरविले. तो सुटला 2005 साली. त्याचा खटला कधी चाललाच नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुटुंबाने टाकलेल्यांना समाजात राहण्यासाठी साहाय्य देण्याचे कर्तव्य सरकारवर सोपविले आहे. ठाणे, येरवडा, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून असा रुग्ण बाहेर पडेल, तेव्हा राहावयास निवारा, नियमित औषध आणि नेमून दिलेल्या डॉक्टरांची देखरेख ही त्रयी सिद्ध असलीच पाहिजे. मृताच्या आप्तांनाही सुटकेची पूर्वसूचना मिळावी. नागरिकांचे रक्षण भिंतीच्या उंचीने होत नाही. औषधाचा खंड न पडण्याने होते. ही व्यवस्था न करता दार उघडणे हा बेजबाबदारपणा होय; आणि ती नाही म्हणून बऱ्या झालेल्या माणसास कोंडून ठेवणे हा अन्याय होय. या दोहोंचा दोष सरकारवरच येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.