रेषा नव्हे, पट्टा

जून उजाडला, पूर नियंत्रण कक्ष सुरू झाले. आता राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी फूट-इंचांत मोबाइलवर फिरू लागेल. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका; कोल्हापुरात हे शाळकरी पोरालाही पाठ. सांगलीत आयर्विन पुलापाशी तेच ४० आणि ४५. पातळी मोजता येते. घोडे अडते ते ‘असा पूर किती वर्षांनी?’ या प्रश्नापाशी, आणि नदीकाठच्या बांधकामाची परवानगी अडकलेली असते नेमकी त्याच उत्तरात.

आपल्याकडे पूररेषा दोन. निळी साधारणतः २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. ‘येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निवांत’ असा सोयीचा अर्थ लोक काढतात. नदी असला हिशेब ठेवत नाही. दर पावसाळ्यात शक्यता चार टक्के, गेल्या वर्षी काहीही झालेले असो. निळ्या रेषेवरच्या घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटण्याआधी उंबऱ्याला पाणी लागण्याची शक्यता ५६ टक्के भरते!

तीही ते चार टक्के खरे धरले तर. शंभर वर्षांचा पूर काढायचा आणि हाताशी नोंदी बहुधा त्याच्या निम्म्या वर्षांच्या. त्यातले मोठे पूर बोटांवर मोजण्याइतके. महापुराच्या लोंढ्यात यंत्र सोडून वेग मोजणे महाकठीण. मग पाण्याच्या उंचीवरून क्युसेकचा अंदाज आणि त्या अंदाजावर पुढचे सगळे गणित. एक पूर नोंदीत घातला किंवा वगळला तरी उत्तर हलते.

२००५, २०१९, २०२१. २५ वर्षांतून एकदाचे म्हणावेत असे तीन पूर सतरा पावसाळ्यांत येण्याची शक्यता जेमतेम तीन टक्के. हवामान बदलले, काठावरचे भराव नडले, की नुसतेच नशीब? शिवाय ही सतरा वर्षे आपण पुरापासून पुरापर्यंतच निवडली. १९९०पासून २०२१पर्यंत मोजा, तीच शक्यता तेरा टक्क्यांवर जाते. एवढ्या नोंदींवर छातीठोक निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

जलसंपदा विभागाने म्हणूनच नकाशावर रेषेऐवजी पट्टा छापावा: अंदाज इतका वर जाऊ शकतो, इतका खाली. बिल्डर खालच्या कडेवर बोट ठेवणार, हे उघड आहे. परवानगी वरच्या कडेने द्यावी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर जुना-नवा आकडा शेजारी शेजारी जाहीर करावा.