आधी हवा, मग वाफ

17 सप्टेंबर 2025 रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. नेकनूरच्या मुलांना आता आपल्या तालुक्याच्या गावीच आगगाडी पाहायला मिळते. पण ती डिझेलवर चालते. वाफेचे इंजिन पाहायचे तर इकडच्या लोकांना पूर्वी परळीला नाहीतर बार्शीला जावे लागे. बार्शीची अडीच फूट रुंदीची छोटी लाइन 1897 साली सुरू झाली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा, एखाद्याने त्या गाडीच्या धुराने कपडे काळे करून घेतलेले असतील.

ती इंजिने गेली, पण त्यांची हातभर लांबीची भावंडे अजून तयार होतात. परदेशी कारखाने त्यांचे सुटे भाग पेटीत घालून विकतात. चौकट, चाके, सिलिंडर, दट्टे, नळ्या, मूठभर स्क्रू आणि एक तयार बॉयलर. इंजिन खऱ्या वाफेवर धावते. पेटी पाहून वाटते, स्क्रू पिळले की झाले! मला हे मुळीच पटत नाही. खरे काम शेवटचा स्क्रू पिळल्यावर सुरू होते, आणि त्या कामासाठीच हा महाग संच एखाद्या शाळेने घ्यावा असे माझे मत आहे. नुसते पळणारे खेळणे हवे असेल तर विजेची गाडी बरी.

पहिली अडचण चाकांची. सायकलचे एक पायडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली असताना कितीही जोर द्या, चाक फिरत नाही. आपण पाय जरा पुढे सरकवतो आणि सुटतो. इंजिनाला ही सोय नाही. म्हणून त्याच्या डाव्या व उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये काटकोन ठेवतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला, तरी दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि चाक फिरवतो. मात्र हा कोन सर्व आसांवर तंतोतंत सारखा हवा. एखाद्या आसावर थोडा फरक पडला, तरी चाकांना जोडणारे दांडे प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकतात. कानसेने भोके मोठी करून हा दोष झाकता येतो, पण तसे करू नका.

हे सारे विस्तवाशिवाय तपासता येते. जीपची स्टेपनी घ्या. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलो दाबाची हवा असते. नळीने ती सिलिंडरला जोडा आणि झडप किंचित उघडा. चाके संथपणे, न अडखळता फिरली पाहिजेत. झडपेची वेळ चुकली असेल तर कानाला लगेच कळते, कारण फुसफुस सारख्या अंतराने येत नाही.

हवेवर छान चालणारे इंजिन वाफेवर मात्र रुसते. असे का? इंजिन दहापट लहान केले की त्याचा पृष्ठभाग शंभरपट लहान होतो, पण आतले आकारमान हजारपट. म्हणजे तेवढ्याच वाफेला दहापट जास्त पृष्ठभागातून उष्णता गमवावी लागते. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तसेच हे. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होते, पाणी दाबले जात नाही, आणि दट्ट्या अडतो. अशा वेळी जोर लावला तर दांडा वाकेल. इंजिन हलकेच पुढेमागे ढकलून सिलिंडर तापू द्यावे लागतात. धुराड्यातून उकळते पाणी उडते, तेव्हा तोंड दूर ठेवा.

आता बॉयलर. येथे मी हट्टी आहे. तो शाळेत बनवू नये. तयार आणि तपासलेलाच घ्यावा. घरच्या कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला बाहेरच्यापेक्षा सुमारे 1 किलो जादा दाब असतो. या छोट्या बॉयलरमध्ये 4 किलो धरा. बॉयलर 5 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याच्या टोकाच्या चकतीचे क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटिमीटर होते. गुणाकार करा. चकतीवर 78 किलोंचा, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वजनाएवढा रेटा! वाफेचे तापमान दीडशे अंशांच्या आसपास, आणि डब्यांना लावतात तो साधा डाख 183 अंशांपासून वितळू लागतो. पाणी संपले आणि ज्योत चालू राहिली, तर सांधे सुटायला कितीसा वेळ? म्हणून चांगल्या बॉयलरला चांदी मिसळलेला डाख लावतात. तो 600 अंशांच्या वर वितळतो. 1923 च्या बॉयलर कायद्याने 5 गॅलनपेक्षा लहान भांड्याला बॉयलर मानलेच नव्हते. सरकारी निरीक्षक ते तपासायला येत नसे.

बॉयलरची परीक्षा मात्र हवेने कधीही घेऊ नका. तो थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने दुप्पट दाब देतात. पाणी जवळजवळ आकसत नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. सांधा सुटला तर नुसते ठिबकते. दाबलेली हवा भांड्याचे तुकडे उडवील.

राहिला पाण्याचा प्रश्न. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्यात पांढरा थर बसतो, तोच बॉयलरमध्ये बसेल आणि बारीक नळ्या बुजवील. पावसाळ्यात छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळीचे पाणी धरा, फडक्याने दोनदा गाळा आणि बाटल्या भरून ठेवा. एका फेरीला पेलाभर पाणीही पुष्कळ होते.