पगार थकला, दार कोणते ठोठवावे?

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने थकलेल्या पगारास कंपनीवरील ऋणाचा दर्जा दिला आणि नोकरवर्गाची आशा पालवली. परंतु देण्याविषयी आधीपासूनच खरा वाद असेल तर हा मार्ग खुला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. २०२० मध्ये थकबाकीची किमान मर्यादाही १ लाखावरून १ कोटी रुपये झाली. नादारीचा कायदा हा वसुलीचा सोटा नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. वादग्रस्त पगारापायी धडधाकट कंपनी बुडाली, तर इतरांच्याही चुली विझतील. पण मग एकट्या कारकुनाने जावे कोठे? कामगार न्यायालयांत वर्षे सरतात, आणि पोट तारखा जाणत नाही. एक दार अरुंद करणाऱ्या सरकारने दुसऱ्या दारी मुदतीत निकाल लागेल, अशी तजवीज करावी. त्यावाचून हा न्याय अर्धाच!