बाळाचे डोके लहान आहे म्हणतात...

बाळाचे वजन करण्याची सवय आता आपल्याकडे खेडोपाडीही चांगली रुजली आहे. गेल्या महिन्यात वजन किती भरले, हे कोणतीही आई चटकन सांगते. डोक्याचा घेर किती, असे विचारले तर मात्र शिकलेले पालकही गोंधळतात. मग मूल वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर, सर्दी-तापासाठी दवाखान्यात नेले असता कोणीतरी म्हणते, ‘याचे डोके जरा लहान वाटते, दाखवून घ्या.’ त्या एका वाक्याने घराची झोप उडते.

वयाच्या मानाने डोक्याचा घेर फारच कमी असणे याला मायक्रोसेफली म्हणतात. हा स्वतः रोग नव्हे. ताप जसे लक्षण आहे, तसेच हेही एक लक्षण आहे. त्यामागे काही गंभीर असेल किंवा काहीच नसेल. शंका आल्यापासून निदान होईपर्यंत बरेचदा काही महिने जातात. हे महिने रडण्यात, लपवण्यात किंवा ‘होईल मोठे हळूहळू’ म्हणत वाट पाहण्यात घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, नजरेने डोके मोजता येत नाही. जावळ काढल्यावर कोणत्याही बाळाचे डोके लहानच दिसते. न ताणणारी टेप घ्यावी. ती भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर येतो त्यावरून फिरवावी. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहावा. जन्मतः घेर सुमारे 34 सेंटिमीटर असतो. वर्षाला तो 45-46, तर दोन वर्षांना 47-48 होतो. मुलींचा सुमारे एक सेंटिमीटरने कमी असतो. म्हणजे पहिल्या वर्षी डोके जवळजवळ 12 सेंटिमीटर वाढते आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन! दीड वर्षाच्या मुलाची टेप अर्धा सेंटिमीटर सरकली, तर तीन महिन्यांच्या वाढीचा फरक पडतो. म्हणून एका मापावरून कोणी निकाल देऊ नये आणि पालकांनी तो मानूही नये. त्याच टेपने, शक्यतो त्याच हाताने, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर वय त्या हिशोबाने कमी धरावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठी ज्या सहा देशांतील मुले मोजली, त्यांत भारतही होता. या तक्त्यावर ठरावीक रेषेच्या खाली घेर गेला की शंका घेतात. पण ती रेषाच अशी आखलेली आहे की शंभर निरोगी मुलांपैकी दोन-तीन तिच्या खाली येणारच. रेषेच्या थोडे खाली, पण तिला समांतर वाढणारे डोके आणि प्रत्येक मापाला आणखी खाली घसरणारे डोके, यांत फार फरक आहे. दुसऱ्याची काळजी जास्त.

आई-वडिलांचेही डोके मोजावे. ‘आमच्या घराण्यात असे कोणी नाही,’ असे ठासून सांगणाऱ्या एका वडिलांच्या डोक्याला मी टेप लावली, तर त्यांचाच घेर सरासरीपेक्षा बराच कमी भरला! त्यांचा मुलगा वेळेवर चालत, बोलत होता. असे लहान डोके वारशाने येते आणि त्याचे काही बिघडत नाही.

टेपइतकेच महत्त्व मूल काय करते याला आहे. दीड वर्षाचे मूल बहुधा चालते, बोट दाखवून वस्तू मागते, हाक मारली की वळते, चार-दोन शब्द बोलते. यांत ते मागे असेल, हातपाय ताठ किंवा फार ढिले वाटत असतील, नजर स्थिर होत नसेल किंवा फिट आली असेल, तर दोन महिने थांबू नये. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

अशा वेळी घरात पहिला घाव आईवर पडतो. ग्रहण पाळले नाही, डोहाळे पुरवले नाहीत, नाना कारणे निघतात. यातले एकही खरे नाही. खरी कारणे निराळी आहेत: जनुकांतील दोष, गरोदरपणातील रुबेलासारखे संसर्ग, दारू, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, तीव्र कुपोषण. ब्राझीलमध्ये 2015-16 साली झिका विषाणूमुळे अशी बाळे जन्मली. आपल्या राज्यात झिकाचा पहिला रुग्ण 2021 साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे सापडला. तेव्हा गरोदर बाईला डासांपासून जपणे हे साऱ्या घराचे काम आहे. नात्यातल्या लग्नात काही जनुकीय दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. दोष आई-वडील दोघांकडून आलेला असेल, तर पुढच्या प्रत्येक खेपेला धोका चारात एक असतो. म्हणून पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घ्यावा.

‘कवटी लहान, म्हणून मेंदू दाबला जातो,’ असा समज आहे. बहुतेक मुलांत उलटे असते. मेंदू वाढतो म्हणून कवटी वाढते. अपवाद कवटीचे सांधे वेळेआधी जुळण्याचा. त्यावर शस्त्रक्रिया असते आणि ती लवकर करावी लागते. एरवी टाळूवर तेल जिरवून, राईच्या उशीवर निजवून किंवा बुद्धीची महागडी टॉनिके पाजून डोके मोठे होत नाही. असे औषधच नाही. ते पैसे कान-डोळ्यांच्या तपासणीला, फिजिओथेरपीला आणि येण्याजाण्याला ठेवावेत. एमआरआय किंवा जनुकीय तपासणी सांगितली, तर ‘याने पुढे काय बदलेल?’ असे जरूर विचारावे. हा प्रश्न विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच पालघरहून झाली. त्याचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा मूल लपवू नये, पुढे करावे. तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चिठ्ठी मिळते. मूल मागे पडत असेल, तर व्यायाम, खेळ आणि बोलण्याचे शिक्षण निदानाचे नाव कळण्याआधीच सुरू करता येते. ते करावेच. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू जितका शिकतो, तितका पुढे शिकत नाही.

निदान खरे निघाले तर? काही मुले इतरांसारखी शिकणार नाहीत, हे कटू असले तरी डॉक्टरने स्पष्ट सांगितले पाहिजे. तेही आई-वडिलांना समोरासमोर बसवून, एकट्या आईला दारात उभे करून नव्हे. पण मूल किती शिकेल, हे टेप सांगत नाही. स्वतःच्या हाताने घास घेणे, आईला हाक मारणे, शौचाला सांगणे, हे ज्याला उशिरा का होईना जमते, त्याचे आणि त्याच्या घराचे आयुष्य पुष्कळ सोपे होते. त्यासाठी वर्षानुवर्षे रोज तासभर कोणीतरी द्यावा लागतो. तो तास एकट्या आईच्या माथी मारू नका. आजोबांनी चेंडू लोळवावा, वडिलांनी गोष्ट सांगावी.

आणि ज्यांच्या घरी अशी काही शंका नाही, त्यांनीही पुढच्या लसीच्या दिवशी वजनाबरोबर डोके मोजून मागावे.