दाढ, कॅप आणि ४,८०० रुपये

‘कशाला टेन्शन घेतेस? पाच लाखांचं कव्हर आहे ना आपलं!’ शेजारच्या क्यूबिकलमधून सल्ला आला. फेब्रुवारीतला सोमवार. रात्रभर दाढ ठणकलेली, गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. मलाही पटलं. कधी नव्हे ते पॉलिसी वसूल करायचा चान्स!

संध्याकाळी डेंटिस्टने हिशेब सांगितला. रूट कॅनालचे ७,००० आणि वर कॅपचे ९,०००. मी एचआरला फोन लावला. तिथे पहिला फुगा फुटला. ते पाच लाख हॉस्पिटलात अॅडमिट झाल्यावरचे. साध्या मेडिक्लेममध्ये दाताचा खर्च मिळतो तो बहुतेक वेळा अपघात झाला तरच. खुर्चीत बसून तासाभरात होणारं रूट कॅनाल म्हणजे ओपीडी.

‘पण आपल्याकडे ओपीडी बेनिफिट आहे गं,’ एचआरवाली म्हणाली. वर्षाला १५,०००. मी खूश! मग तिने हळूच पुढचं वाचलं. त्यातले दातांसाठी फक्त ८,०००. शिवाय २० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपल्या खिशातून.

आता गणित बघा. रूट कॅनालच्या ७,००० पैकी कंपनीचे ५,६००. लिमिटमध्ये उरले २,४००. कॅपच्या ९,००० वर एरवी ७,२०० मिळाले असते, पण शिल्लकच २,४००! आमचं पॉलिसी वर्ष १ एप्रिलला नव्याने सुरू होतं. म्हणजे रूट कॅनाल आत्ता आणि कॅप एप्रिलमध्ये केली की ४,८०० रुपये वाचणार. मी काय हुशार, असं वाटून त्या रात्री छान झोप लागली.

डेंटिस्ट म्हणाले होते, ‘कॅपला फार उशीर करू नका हं. आता ही दाढ ठिसूळ झालीय.’ मी मान डोलावली आणि विसरून गेले. दुखत नव्हतं ना!

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी लोणावळ्याहून चिक्की आणली. एकच तुकडा. कट्ट! दाढ उभी चिरली, पार हिरडीच्या खालपर्यंत. काढावी लागली. आता तिथे इम्प्लांट बसवायचं तर ३५,००० रुपये आणि आमच्या पॉलिसीत इम्प्लांट मिळतच नाही. ४,८०० वाचवायला गेले आणि बत्तिशीतला एक मेंबर कायमचा गमावला. आई फोनवर एवढंच म्हणाली, ‘दाढेपेक्षा पॉलिसी प्यारी!’

तर मंडळी, माझ्यासारखं खुर्चीत तोंड उघडून बसल्यावर चौकशी करू नका. आजच एचआरला विचारा :

दाताचा खर्च फक्त अपघातातच मिळतो की ओपीडीतही? दातांसाठी आतलं वेगळं लिमिट आहे का, आणि ते एकट्याचं की अख्ख्या फॅमिलीचं? को-पे किती? वेटिंग पिरियड आहे का? क्लिनिक त्यांच्या यादीतलंच हवं का? क्लीनिंग, ब्रेसेस, इम्प्लांट यांपैकी काय वगळलंय? आणि उरलेलं लिमिट पुढच्या वर्षी मिळतं की संपतं?

स्वतःची पॉलिसी घेत असाल तर ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ नावाचा कागद मागून घ्या. विमा नियामक आयआरडीएआयने १ जानेवारी २०२४पासून तो नव्या, सोप्या रूपात लागू केलाय. काय मिळतं, काय वगळलंय, कुठे सब-लिमिट आहे, सगळं त्यात असतं. मागितला तर आपल्या भाषेतही द्यावा लागतो. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याआधी या कागदातले छोटे आकडे वाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एचआरला नाही, डॉक्टरांना विचारायचा : ‘किती दिवस थांबलं तर चालेल?’ ते ‘थांबू नका’ म्हणाले, तर एप्रिलची वाट पाहू नका. लिमिट दर वर्षी नवीन मिळतं. दाढ नाही मिळत.

मी सध्या उजवीकडून जेवतेय. चिक्की बंद!