क्षमा मिळाली, भरपाई राहिली

प्रायश्चित्तकाळात पापकबुली केली आणि धर्मगुरूंनी पापमुक्ती दिली की सारे मिटले, अशी समजूत अनेक भाविकांच्या मनात पक्की बसलेली असते. ख्रिस्ती शिकवण तसे सांगत नाही. देवाची क्षमा पूर्ण असते. पण पापाने दुसऱ्याचे जे नुकसान केले, ते क्षमेने आपोआप भरून निघत नाही. ते भरून देण्याची जबाबदारी क्षमा मिळालेल्या माणसावरच राहते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील दावीद राजाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी आहे. सैन्य राब्बाच्या वेढ्यात गुंतलेले असताना दावीदाने उरीया या आपल्याच सैनिकाच्या पत्नीला, बथशेबाला, वाड्यात बोलावून घेतले. ती गरोदर राहिली. प्रकरण झाकण्यासाठी उरीयाला रणातून बोलावले, तर आपले सोबती उघड्यावर झोपत असताना तो घरी जाईना. मग दावीदाने सेनापती यवाबाला लिहिले की, याला लढाईच्या तोंडावर ठेवा आणि मागे हटा. ते पत्र पाठवले उरीयाच्याच हाती.

पुढे नाथान संदेष्ट्याने तोंडावर जाब विचारला, तेव्हा दावीदाने अपराध कबूल केला आणि त्याला क्षमाही मिळाली. पण नंतरची पाने वाचवत नाहीत. थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. दावीद संतापतो, पण मुलाला शिक्षा करत नाही. आम्हाला वाटते, परस्त्रीला असेच ओढून आणलेल्या बापाची जीभ रेटली नसावी. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनला ठार करवतो आणि कालांतराने बापाविरुद्धच बंड करतो. तामार मात्र भावाच्या घरी उजाड आयुष्य काढते. तिचा कोणता दोष होता? पापाचा परिणाम पाप्यापाशी थांबत नाही, हे या मुलीकडे पाहून कळते.

याचा अर्थ प्रत्येक दुःख ही पापाची शिक्षा असते असा मुळीच नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे येशूने स्पष्ट सांगितले. जन्मांधाबद्दलही त्याने तोच निर्वाळा दिला. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याची पापे शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

भरपाई कशी करावी, हे यरीहोच्या जक्कयाकडून शिकावे. हा जकातदारांचा मुख्य. येशू घरी येताच त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरे द्यावीत, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंड त्याने स्वतःहून स्वीकारला. पापमुक्तीनंतरही परतफेड चुकत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षण आजही सांगते. प्रोटेस्टंटांचे प्रायश्चित्ताबाबत मतभेद आहेत, पण लुबाडलेले परत करावे याबद्दल नाहीत.

आपल्याकडे ही कसोटी अनेकदा सातबाऱ्यावर लागते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. तरीही ‘नुसती सही कर’ म्हणत बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते, आणि तोच भाऊ रविवारी पवित्र मिस्साला पुढच्या बाकावर बसतो. अशा भावाने कबुलीनंतर जपमाळेचे दोन फेरे वाढवून भागणार नाही. त्याने बहिणीकडे जावे, फसवल्याचे मान्य करावे, दुय्यम निबंधकाकडे तिचा वाटा रीतसर लिहून द्यावा आणि तलाठ्याकडे फेरफार नोंदवून घ्यावा. यंदाच्या ईस्टरपूर्वी हे करणे ज्यांच्या हातात आहे, त्यांनी ते करावे.