कंबर, एमआरआय आणि गॅसचा सिलिंडर

जिममध्ये कंबर धरली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला डॉक्टर आणि नातेवाईकांचा: पडून राहा, आणि यापुढे वजन उचलायचं नाव काढू नकोस. दुसरा जिममधल्या पोरांचा: स्प्रे मार, पट्टा बांध, चालू कर. माझ्या मते दोन्ही टाकाऊ आहेत. त्यातही पहिला जास्त वाईट, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

निमित्त असं की ऑफिसातला एक मित्र, वय वर्षं सत्तावीस, एमआरआयचा रिपोर्ट घेऊन फिरतोय आणि जिमची मेंबरशिप कुणाच्या तरी गळ्यात मारायच्या मागे आहे. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' असं लिहिलंय. तेव्हापासून साहेब बुटाची लेस बांधायलासुद्धा खुर्ची शोधतात.

हे प्रकरण मला आतून माहिती आहे. दीड वर्षापूर्वी नव्वद किलोच्या डेडलिफ्टला, तिसऱ्या रेपला, माझ्या कमरेत अशी काही उसण भरली की रॉड तिथेच सोडून मी मॅटवर आडवा. पनवेलच्या एका डॉक्टरांनी एमआरआय काढला, एल-४ एल-५ मधला फुगवटा पेनाने गोल करून दाखवला, तीन आठवडे बेड रेस्ट सांगितली आणि वर 'जड वस्तू आयुष्यभर बंद'.

आता आयुष्यभर म्हणजे काय? मी राहतो चौकला. टॉवर नाही, लिफ्ट नाही. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, लोखंडासकट ते धूड तीस किलोच्या आसपास जातं. तो माणूस सिलिंडर ओट्यावर ठेवून जातो, तिथून आत कोणी न्यायचा? मी पलंगावर असताना तो आईने ओढत नेला. "तू पडून राहा, मी बघते," म्हणाली. तांदळाची गोणी, पाण्याचा जार, उद्या पोरं झाली की पोरं. इर्शाळगडाच्या अंगाने मोळ्या घेऊन उतरणाऱ्या ठाकर बायका मी लहानपणापासून बघतोय. त्यांना कुणी 'आयुष्यभर बंद' सांगून बघावं. वजन न उचलता जगायची चैन फार थोड्यांना परवडते. बाकीचे उचलणारच, फक्त घाबरत आणि कमकुवत कमरेने.

बरं, विज्ञान तरी बेड रेस्टच्या बाजूने आहे का? १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि उरलेल्यांना सांगितलं की जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरे झाले ते हे शेवटचे. म्हणजे तीस वर्षं झाली याला! आणि आपण अजून तीन आठवडे लिहून देतोय.

रिपोर्टचीही तीच गत. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन त्यात होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांना डिस्क बल्ज निघाला, तिशीतल्या ४० टक्क्यांना. काहीही दुखत नसताना! म्हणजे माझ्या मित्राच्या टीममधल्या दहाजणांना मशीनमध्ये घातलं तर तीनचार जण त्याच्याच रांगेत उभे राहतील. (मॅनेजरचं माहिती नाही, त्यांना कणा आहे का हाच मुळात प्रश्न आहे.)

आणि माझा आवडता किस्सा स्वीडनचा. हाकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर, स्वतःच्या टाचेमागचा टेंडन दुखून हैराण. वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार होईनात. तेव्हा यांनी ठरवलं की टेंडन इतका ताणायचा की तुटलाच पाहिजे, मग कसं नाही म्हणतील? पायरीवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम सपाटून सुरू केला. टेंडन तुटायच्या ऐवजी बरा झाला. हे ते स्वतःच सांगतात. १९९८ साली त्यांनी हाच व्यायाम बारा आठवडे पंधरा रुग्णांना देऊन निकाल छापला. ज्या वजनाने दुखतं तेच, मोजून दिलं, तर औषध होतं.

'मोजून' हा शब्द जिमवाल्या पोरांसाठी. त्यांच्याकडे सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण तयार असतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलो गटात, १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. सुवर्ण एका किलोने हुकलं, रौप्य घेताना हात झोळीत होता. मला त्याच्याबद्दल आदरच आहे. पण त्याच्यासमोर राष्ट्रकुलचं सुवर्ण होतं, आणि नंतर सरकारी खर्चाने लंडनमध्ये ऑपरेशनची सोय झाली. तुमच्यासमोर काय आहे? आरसा. आणि सोमवारी सकाळी ऐरोलीचं ऑफिस.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पाचव्या दिवशी ओळखीतून एका फिजिओ मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं की पाय बधीर होतोय का, ताकद गेल्यासारखी वाटते का, लघवी-संडासवर ताबा आहे ना. (यातलं काही असेल तर हा लेख वाचत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.) नाही म्हटल्यावर त्यांनी कोपऱ्यातली बादली दाखवली. अर्धी भरलेली. "उचला." मी बघतच राहिलो. उचलली. दुखलं, पण आभाळ कोसळलं नाही.

नियम एकच दिला. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी हवं. जास्त असेल तर वजन उतरवा, व्यायाम बंद करू नका. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला बग आला म्हणून कोणी सर्व्हर कायमचा बंद करत नाही, शेवटच्या धड चालणाऱ्या व्हर्जनवर परत जातो. माझं ते व्हर्जन म्हणजे अर्धी बादली. मग भरलेली, मग रिकामा रॉड, मग दर आठवड्याला अडीच किलो. मध्ये दोनदा मागे यावं लागलं. एकदा तर निव्वळ एक्सप्रेसवेवर अडीच तास बसमध्ये अडकल्यामुळे. बसणं कमरेला रॉडपेक्षा जड जातं हे तेव्हा कळलं.

फिजिओच्या सहा भेटींचे मिळून पैसे एमआरआयपेक्षा कमी झाले, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सध्या सत्तर किलोवर आहे. घाई नाही. मित्राला म्हटलं, मेंबरशिप विकू नकोस, येत्या शनिवारी चौकला ये. आईच्या हातचं मटण आहे, आणि त्या दिवशी सिलिंडर यायचाय.